एकाकी मनोवैद्य : हॅरी स्टॅक सलिव्हन
(द्वितीय वर्ष कला)

मानसशास्त्र हा विषय मी घेतला तेव्हा गावातल्या अनेकांनी विचारले की, हे शिकून पुढे काय करणार? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील शेती करतात. आई शेतीही करते आणि घरही सांभाळते. त्यांनी मात्र काहीच विचारले नाही. कदाचित त्यांना कारण ठाऊक असावे. ते कारण आमच्या ओसरीवर बसलेले असते.

माझे धाकटे काका दहावीला शाळेत पहिले आले होते. त्यांनी कॉलेजात जावे असे घरात ठरलेही होते. परंतु विसाव्या वर्षाच्या आतच त्यांना कोणाचे तरी आवाज ऐकू येऊ लागले. माणसे आपल्याविरुद्ध कट करीत आहेत असे वाटू लागले. आधी देवऋषी झाला, अंगारेधुपारे झाले, मग सिव्हिल हॉस्पिटल. तेथे निदान झाले की हा छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया नावाचा आजार आहे. गोळ्यांनी आवाज कमी झाले, पण काकांचे बोलणेही कमी झाले. ते ओसरीवर बसू लागले आणि त्यांचे ताटही तेथेच जाऊ लागले. मला समजू लागल्यापासून मी ते ताट नेऊन ठेवते आणि परत येते.

आमच्या पाठ्यपुस्तकात सलिव्हन यांच्या वाट्याला दीड पान आले आहे. त्या दीड पानात एक गोष्ट अशी होती की, या माणसाने छिन्नमनस्क रोग्यांशी वर्षानुवर्षे बोलण्याचे काम केले. बोलण्याचे! मी ते पान पुन्हा पुन्हा वाचले. मग सरांना विचारून आणि ग्रंथालयातील कपाटे धुंडाळून जे काही मिळाले, त्यावरून त्यांची ही जीवनकथा लिहीत आहे.

शेतावरचे बालपण

हॅरीचा जन्म २१ फेब्रुवारी १८९२ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात नॉर्विच या गावी झाला. न्यूयॉर्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती उभ्या राहतात. पण हा त्या राज्याचा आतला, टेकड्यांचा आणि दूधदुभत्याचा भाग. घराणे आयर्लंडमधून आलेले, धर्माने कॅथलिक आणि स्थितीने गरीब. हॅरीच्या आधीची दोन भावंडे तान्हेपणीच गेली होती. त्यामुळे हा एकुलता एक मुलगा फार जपून वाढवला गेला असेल असे आपल्याला वाटते. पण तसे घडले नाही. तो जेमतेम अडीच-तीन वर्षांचा असताना आई काही काळ त्याच्यापासून दूर झाली आणि आजीने त्याला सांभाळले. त्याच सुमारास हे कुटुंब स्मर्ना गावाजवळ आईच्या माहेरच्या शेतावर राहावयास गेले.

वडील टिमथी अबोल, संकोची. आई एला हिला आपले माहेर मोठ्या घराण्याचे वाटे आणि आपण खालच्या पायरीवर येऊन पडलो याची खंत ती बोलून दाखवी. मुलाकडे पाहताना तिला समोरचा मुलगा दिसत नसे, आपल्या कल्पनेतला कोणी थोर पुरुष दिसे, असे पुढे हॅरीनेच आपल्या बालपणाबद्दल सांगितले आहे. आजूबाजूची वस्ती प्रॉटेस्टंटांची. त्यांच्यात हा आयरिश कॅथलिक मुलगा परका. शाळेत हुशार, पण खेळात कोणी घेत नसे. शेतावरची जनावरे हेच त्याचे सवंगडी. आपल्याकडेही गावकुसाजवळच्या, वेगळ्या जातीच्या वा वेगळ्या धर्माच्या एकट्या घरातील मुलाला हा अनुभव नवा नाही.

या एकाकीपणात एकच खिडकी उघडली. क्लॅरेन्स बेलिंजर नावाचा, त्याच्याहून चारपाच वर्षांनी मोठा असा एक शेजारचा मुलगा त्याचा मित्र झाला. दोघे एकत्र शाळेत जात. विशेष असे की पुढे हे दोघेही मनोविकारतज्ज्ञ झाले. या एका मैत्रीवरून सलिव्हन यांनी पुढे एक मोठा सिद्धान्त उभा केला. त्याकडे आपण नंतर येऊ.

पहिला नंबर आणि पहिले अपयश

१९०८ साली हॅरी शाळेत पहिला आला. त्याला राज्य शिष्यवृत्ती मिळाली आणि सोळाव्या वर्षी तो नामांकित कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाला. शेतावरचा मुलगा एकदम मोठ्या विद्यापीठात! पहिले सत्र कसेबसे निभावले. दुसऱ्या सत्रात त्याचे गुण इतके घसरले की विद्यापीठाने त्याला काही काळापुरते काढून टाकले. तो तेथे परत कधीच गेला नाही.

१९०९ ते १९११ या दोन वर्षांचा हिशेब त्याच्या चरित्रकारांना नीट लागत नाही. या काळात त्याला स्वतःलाच मनोविकाराचा झटका येऊन गेला असावा, असा काहींचा तर्क आहे. मात्र त्याला भक्कम पुरावा नाही.

हा भाग वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. कारण कॉलेजच्या पहिल्या सत्रात माझेही असेच झाले होते. शाळेत पहिला नंबर असलेली मी येथे शेवटच्या बाकावर बसू लागले. तासाला प्रश्न समजत नसे, पण विचारण्याचे धाडस होत नसे. घरी सांगावे तर कोणाला? ज्यांनी कॉलेज पाहिलेच नाही त्यांना तेथील भीती कशी समजावून सांगणार? मला एक मैत्रीण मिळाली म्हणून मी टिकले. हॅरीला कॉर्नेलमध्ये असे कोणी मिळाले नसावे.

१९११ साली तो शिकागोतील एका वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला. हे महाविद्यालय फारसे प्रतिष्ठित नव्हते. मिळेल ते काम करीत, रखडत, १९१७ साली त्याला पदवी मिळाली. पहिले महायुद्ध चालू होते. लष्कराच्या वैद्यकीय सेवेत काही काळ काढल्यावर, युद्धातून मनाने मोडून परतलेल्या सैनिकांच्या कामाच्या निमित्ताने १९२१ च्या अखेरीस तो वॉशिंग्टन येथील सेंट एलिझाबेथ्स या सरकारी मनोरुग्णालयात आला. येथपासून त्याचे आयुष्य बदलले. येथून पुढे आपणही त्यांना अहो-जाहो म्हणू.

सहा खाटांचा वॉर्ड

सेंट एलिझाबेथ्सचे प्रमुख होते विल्यम अ‍ॅलन्सन व्हाइट. वेड्या माणसाच्या बडबडीलाही अर्थ असतो, ती ऐकून घेतली पाहिजे, असे मानणारे ते डॉक्टर होते. सलिव्हन यांना गुरू मिळाला. एका वर्षात ते बाल्टिमोरजवळच्या शेपर्ड अँड इनॉक प्रॅट हॉस्पिटलमध्ये गेले आणि १९३० पर्यंत तेथेच राहिले.

त्या काळी छिन्नमनस्कता म्हणजे न परतीची वाट असे समजत. रोग्याला कोंडून ठेवावे, खाऊ घालावे, एवढेच. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांचेही मत असे होते की हे रोगी वैद्याशी भावनिक नाते जोडू शकत नाहीत, म्हणून त्यांच्यावर मनोविश्लेषणाचा उपयोग नाही. सलिव्हन यांनी उलट म्हटले की, नाते जोडण्याची शक्ती त्यांच्यात आहे, पण माणसांचीच त्यांनी इतकी धास्ती घेतली आहे की ते लांब पळतात. दोष त्यांच्या मनाच्या जातीत नाही. भीतीच्या प्रमाणात आहे.

१९२९ साली त्यांनी तेथे सहा खाटांचा एक छोटा वॉर्ड उघडला. सर्व रोगी तरुण पुरुष होते. या वॉर्डाची खरी गंमत डॉक्टरांत नव्हती, परिचारकांत होती. सलिव्हन यांनी एकेक परिचारक पारखून निवडला. मोठमोठ्या पदव्यांचे त्यांना आकर्षण नव्हते. जो स्वतः लाजाळू आहे, ज्याने स्वतः एकटेपणा भोगला आहे, असा माणूस घाबरलेल्या रोग्याला लवकर ओळखतो, असे त्यांचे म्हणणे. या परिचारकांशी ते संध्याकाळी आपल्या घरी तासन्‌तास गप्पा मारीत. वॉर्डात वरिष्ठ-कनिष्ठ हा भेद जवळजवळ नव्हता. रोग्याच्या विचित्र बोलण्याला कोणी हसत नसे, आणि त्याला मुद्दाम गोंजारीतही नसे. परिचारक आपापसांत आपल्या अडचणींविषयी मोकळेपणी बोलत, आणि ते ऐकणाऱ्या रोग्याला कळे की या भीती आपल्या एकट्याच्या नाहीत.

या वॉर्डातून पुष्कळ रोगी सुधारून घरी गेले, असे सलिव्हन यांनी नोंदले. त्या काळाच्या मानाने हे निकाल आश्चर्यकारक होते. अर्थात हे रोगी तरुण होते आणि त्यांचा आजार नुकताच सुरू झालेला होता, हेही येथे सांगितले पाहिजे.

घर, कर्ज आणि मित्र

सलिव्हन यांनी लग्न केले नाही. १९२७ पासून जेम्स नावाचा एक तरुण त्यांच्या घरी राहू लागला आणि अखेरपर्यंत, बावीस वर्षे, त्यांच्यासोबत राहिला. ते त्याला मुलगा मानीत. सलिव्हन यांचा ओढा पुरुषांकडे होता, असे आजचे अभ्यासक मोकळेपणाने लिहितात. त्या काळी ते उघड करणे म्हणजे नोकरी आणि नाव दोन्ही गमावणे. स्वतःचा एक भाग जगापासून लपवून जगणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नसेल. दुसऱ्या महायुद्धापूर्वी सैन्यभरतीसाठी मानसिक तपासणीची योजना त्यांनी आखली, तेव्हा अशा व्यक्तींना वगळण्याचा उल्लेख त्यांनी तीत केला नव्हता. लष्कराने मात्र नंतर तो घातला.

१९३१ च्या सुमारास ते न्यूयॉर्क शहरात खाजगी व्यवसाय करू लागले. हाताला पैसा टिकत नसे. मंदीच्या त्या वर्षांत ते कर्जात एवढे बुडाले की दिवाळखोरी पत्करावी लागली. स्वभाव तिखट, सभेत सहकाऱ्यांना बोचऱ्या शब्दांत फटकारीत. पण रोग्यासमोर हाच माणूस विलक्षण मृदू होई.

मित्र मात्र त्यांना मोठे लाभले. भाषाशास्त्रज्ञ व मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांच्याशी १९२६ साली त्यांची ओळख झाली. माणसाचे मन समजण्यासाठी त्याची भाषा, त्याचा समाज समजला पाहिजे, ही दृष्टी या मैत्रीतून पक्की झाली. क्लारा थॉम्प्सन, एरिक फ्रॉम, फ्रीडा फ्रॉम-राइशमान हे मनोविश्लेषक त्यांचे सहकारी झाले. १९३६ साली वॉशिंग्टनमध्ये मनोविकारशास्त्राचे विद्यालय निघाले, १९३८ साली ‘सायकिअ‍ॅट्री’ हे नियतकालिक निघाले आणि १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम अ‍ॅलन्सन व्हाइट यांच्या नावाची संस्था उभी राहिली. मधल्या काळात सलिव्हन अमेरिकेच्या दक्षिणेकडील काळ्या तरुणांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या संशोधनातही सामील झाले. वर्णभेदाच्या अपमानाने मनाला काय होते, हे त्यांनी जवळून पाहिले.

मन दोघांच्या मध्ये

सलिव्हन यांचा सिद्धान्त थोडक्यात असा, की व्यक्तिमत्त्व ही माणसाच्या डोक्यात बंद करून ठेवलेली वस्तू नाही. ते माणसा-माणसांच्या व्यवहारात घडते, तेथेच बिघडते आणि तेथेच दुरुस्त होऊ शकते. म्हणून या विचाराला आंतरव्यक्तिक उपपत्ती म्हणतात.

तान्ह्या बाळाला आईची चिंता शब्दांवाचून कळते. आई धास्तावलेली असेल तर मूल नीट पीत नाही. पुढे ज्या वागण्याने आई हसते त्यातून ‘चांगला मी’ तयार होतो, ज्याने तिच्या कपाळाला आठी पडते त्यातून ‘वाईट मी’, आणि ज्याने भयंकर धक्का बसतो तो अनुभव ‘मी नव्हेच’ म्हणून मनाबाहेर टाकला जातो. चिंता टाळण्यासाठी मूल काही गोष्टींकडे पाहायचेच सोडून देते. हे निवडक दुर्लक्ष पुढे जन्माची सवय होते. तसेच, जुन्या माणसाचा चेहरा आपण नकळत नव्या माणसावर चढवतो. लहानपणी मास्तरांच्या छडीला भ्यालेला माणूस मोठेपणी कचेरीतल्या साध्या कारकुनापुढेही थरथरतो. समोर कारकून असतो, त्याला दिसतात मास्तर.

पण सलिव्हन यांच्या विचारात निराशा नाही. साडेआठ-दहा वर्षांच्या सुमारास मुलाला एखादा जिवलग मित्र मिळतो, मुलीला मैत्रीण मिळते. त्याचे सुख आपल्या सुखाइतकेच मोलाचे वाटणे ही प्रेमाची पहिली ओळख. घरात झालेली इजाही अशा एका मैत्रीने भरून येऊ शकते, असे ते सांगत. स्मर्नाच्या शेतावरचा तो एकुलता मित्र येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

आणि वैद्य? तो काचेआडून पाहणारा नव्हे. रोगी ज्या खोलीत आहे त्याच खोलीत तोही आहे, त्याच्या आवाजाचा, घाईचा, कंटाळ्याचा परिणाम रोग्यावर होत आहे. म्हणून त्याने स्वतःलाही पाहत राहावे. याला त्यांनी सहभागी निरीक्षण म्हटले. मात्र वैद्य हा या कामातला जाणकार आहे हे ते विसरत नाहीत. तो बारकाईने विचारतो, की कोण होते, काय म्हणाले, मग काय झाले. रोग्याची चिंता वाढताना दिसली की तो थांबतो, वाट बदलतो.

दोन वाटा

याच काळात मानसोपचारात दुसरी एक वाट तयार होत होती. तिला मानवतावादी-अस्तित्ववादी दृष्टिकोन म्हणतात. तिचे दोन प्रमुख प्रवासी म्हणजे कार्ल रॉजर्स (१९०२-१९८७) आणि रोलो मे (१९०९-१९९४). सलिव्हन नीट समजायचे तर यांच्याशेजारी ठेवून पाहिले पाहिजेत.

रॉजर्स हेही किशोरवयात शेतावर वाढलेले. त्यांना वाटे की बीजात जशी झाड होण्याची ओढ असते तशी माणसात वाढण्याची ओढ असते. उपचारकाने सल्ला देऊ नये, उलटतपासणी घेऊ नये; निखळ आस्थेने, अट न घालता स्वीकार करावा, समोरच्याच्या जागी जाऊन समजून घ्यावे आणि स्वतः खोटे वागू नये. एवढी जमीन मिळाली की झाड आपले आपण वाढते. रोलो मे तरुणपणी क्षयाने आजारी पडून आरोग्यधामात महिनोन्‌महिने मृत्यूच्या छायेत पडून होते. तेथे त्यांनी डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्द वाचला. चिंता म्हणजे केवळ आजार नव्हे, आपण स्वतंत्र आहोत आणि मरणार आहोत या जाणिवेची ती सावली आहे, असे त्यांना वाटले. चिंतेतून पळू नये, तिच्यासह निवड करावी, जबाबदारी घ्यावी.

येथे फरक स्पष्ट होतो. सलिव्हन यांच्या मते चिंता दुसऱ्या माणसाच्या नापसंतीतून येते. म्हणून ती सुरक्षित नात्याने कमी करावयाची. मे यांच्या मते काही चिंता जगण्यातच आहे. ती कोणी कमी करून देऊ शकत नाही. रॉजर्स माणसाच्या आतल्या ‘स्व’वर विश्वास ठेवतात. सलिव्हन यांनी तर व्यक्तीचे वेगळेपण हा एक भ्रमच आहे, अशा अर्थाचा निबंध लिहिला! अस्तित्ववादी विचारेल की, मग माणसाचे धैर्य, त्याचा नकार, त्याची निवड कोठे गेली? सगळे जग विरुद्ध असताना एखादा उभा राहतो तो कोणाच्या बळावर? हा आक्षेप खोटा नाही. कॉर्नेलमधून काढलेला मुलगा पुन्हा उठून डॉक्टर होतो, हे केवळ नात्यांनी समजावून सांगता येत नाही.

परंतु उलट बाजूही आहे. १९५७ साली रॉजर्स विस्कॉन्सिन येथे गेले आणि त्यांनी आपली पद्धत रुग्णालयातील छिन्नमनस्क रोग्यांवर आजमावली. हे रोगी स्वतःहून मदत मागायला आलेले नव्हते. कित्येक बोलतच नव्हते. नुसते ऐकून भागेना. उपचारकांना स्वतःच्या मनातले बोलून पुढे हात करावा लागला. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत उपचार घेतलेले व न घेतलेले यांच्यात एकंदरीत मोठा फरक दिसला नाही. मात्र ज्यांना खरी समजूत आणि आस्था अधिक मिळाली ते अधिक सुधारले. म्हणजे आतले बीज खरे, पण त्याच्याकडे पोहोचण्याची वाट पुन्हा दोघांच्या नात्यातूनच जात होती.

आणि या दोन वाटा एकमेकींपासून फार लांब नव्हत्याच. रोलो मे स्वतः सलिव्हन यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या व्हाइट संस्थेत शिकले आणि तेथेच शिकवू लागले. १९५० साली निघालेल्या त्यांच्या चिंतेवरील ग्रंथात सलिव्हन यांच्या विचारांची दखल आहे. पुढे आयर्विन यालोम यांनी समूहोपचारासाठी सलिव्हन यांचा आधार घेतला, आणि अस्तित्ववादी मानसोपचारावरचा मोठा ग्रंथही १९८० साली त्यांनीच लिहिला. परीक्षेत आपण ‘फरक स्पष्ट करा’ म्हणून दोन रकाने आखतो. माणसांच्या आयुष्यात ते रकाने असे सरळ राहत नाहीत.

पॅरिसमधील अखेर

महायुद्धाच्या शेवटी अणुबॉम्ब पडल्यावर सलिव्हन यांना वाटू लागले की जी चिंता दोन माणसांत आहे तीच राष्ट्रा-राष्ट्रांत आहे. हृदयविकार जडलेला असूनही १९४८ साली ते युनेस्कोच्या, राष्ट्रांमधील तणावांविषयीच्या कामासाठी पॅरिसला गेले; लंडनच्या मानसिक आरोग्य परिषदेत भाग घेतला. जानेवारी १९४९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथे जागतिक मानसिक आरोग्य संघटनेची बैठक झाली. तेथून परतताना १४ जानेवारी रोजी पॅरिसमधील हॉटेलच्या खोलीत त्यांचा अंत झाला. वय सत्तावन्नही पुरे नव्हते. खोलीत ते एकटेच होते. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना पुरले.

हयातीत त्यांचे एकच पुस्तक निघाले. बाकीची व्याख्याने आणि टिपणे सहकाऱ्यांनी १९५३ पासून पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. चरित्र हेलन स्विक पेरी यांनी १९८२ साली लिहिले.

आज काय उरले?

सलिव्हन वारले त्याच पॅरिसमध्ये १९५२ साली सेंट-आन या रुग्णालयात क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देण्यात आले आणि नव्या युगाला आरंभ झाला. छिन्नमनस्कतेत आनुवंशिकतेचा आणि मेंदूचा मोठा वाटा आहे, औषध आवश्यक आहे, हे आज सिद्ध झाले आहे. सलिव्हन यांना हे पाहता आले नाही.

एक गोष्ट मात्र मला स्पष्ट सांगितली पाहिजे. त्यांच्या वर्तुळातील फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी १९४८ साली, मुलाला छिन्नमनस्क बनवणारी आई, अशी एक संकल्पना मांडली. पुढची काही दशके कित्येक आयांच्या माथी हा दोष मारला गेला. पुढील संशोधनाने तो टाकून दिला. आमच्या गावातही आजीला लोकांनी काय काय ऐकवले! बाळंतपणात पथ्य पाळले नाही, पोराला फार धाकात ठेवले, फार लाडावले. मी जेव्हा पुस्तकात त्या आईविषयी वाचले तेव्हा आजी शेजारीच लसूण सोलत बसली होती. तिला वाचता येत नाही याचे त्या दिवशी मला प्रथमच बरे वाटले.

पण सलिव्हन यांचे सगळेच खोटे ठरले असेही नाही. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या रोग्यांचा अभ्यास केला. १९७२ साली त्यांनी दाखवून दिले की, ज्या घरात रोग्याला सारखे टोचून बोलले जाते तेथे आजार अधिक वेळा उलटतो. नात्याने हा आजार होत नाही. पण आजारासह जगणे सुसह्य होते की असह्य, हे पुष्कळसे नात्यावर ठरते. सहा खाटांच्या वॉर्डात सलिव्हन यांनी हेच हाताने करून पाहिले होते.

त्यांच्या साऱ्या विचारांचा गाभा मला विचाराल तर एवढाच आहे: कितीही विचित्र वागणारा रोगी असो, त्याच्यात आणि आपल्यात वेगळेपणापेक्षा सारखेपणाच अधिक आहे. तो आधी माणूस आहे, मग रोगी. रॉजर्स आणि मे यांनाही हे मान्य झाले असते. ते एवढेच जोडतील की, तो माणूस आहे म्हणूनच त्याला निवड करू द्या.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी काकांचे ताट ओसरीवर नेले नाही. आत सर्वांच्या पंगतीत मांडले आणि त्यांना विचारले, आत जेवता का? पहिल्या दिवशी ते उठले नाहीत. मी ताट बाहेर नेऊन दिले. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी ते उंबऱ्यापर्यंत आले, थोडा वेळ उभे राहिले आणि आत येऊन वडिलांच्या शेजारी बसले. कोणी काही बोलले नाही. आजीने त्यांच्या भाकरीवर तेवढे लोणी वाढले.

काका बरे झाले असे मी म्हणत नाही. गोळ्या चालू आहेत, वाईट दिवसही येतात, आणि काही दिवस ताट पुन्हा बाहेर जाते. पण विचारल्याशिवाय आता ते जात नाही. मित्र-मैत्रिणींनो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी, गल्लीत, वसतिगृहाच्या एखाद्या खोलीत असे कोणी असेल. आपण डॉक्टर नाही; औषध डॉक्टरांनीच द्यावयाचे. पण शेजारी बसण्यासाठी पदवी लागत नाही, हे एका एकाकी मनोवैद्याने आपल्या परिचारकांना शिकवले होते. तेवढे आपणही शिकू शकतो.